शोधसुलभता आणि शोधशरणता : महाजालावरील मराठी गद्याची एक चिकित्सा

बीजसंज्ञा : शोधयंत्र, जालनिशी, शोधशब्द, मराठी गद्य, सामान्यरूप, युनिकोड

प्रस्तावना

ग्रंथ लिहिला जाणे आणि तो वाचकाच्या हाती पडणे या दोन भिन्न घटना आहेत. मुद्रणाच्या काळात या दोहोंमधील अंतर प्रकाशक, ग्रंथविक्रेता, ग्रंथपाल आणि समीक्षक भरून काढीत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या कालखंडांतील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, ती याच जाणिवेतून. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांत वाचकाला त्याचा ग्रंथ मिळण्याइतकेच ग्रंथाला त्याचा वाचक मिळण्याला महत्त्व दिलेले आहे. लेखन सापडले पाहिजे, ही अपेक्षा बाजारपेठेने निर्माण केलेली नाही. ती ज्ञानव्यवहाराची जुनीच अपेक्षा होय.

महाजालावर मध्यस्थाचे हे काम मुख्यत्वे शोधयंत्राकडे गेले. त्याबरोबर एक नवी लेखनपद्धतीही रूढ झाली. शोधनिकालांत आपल्या संकेतस्थळाला वरचे स्थान मिळावे म्हणून जालनिशी चालविणे, ठरावीक अंतराने लेख प्रसिद्ध करणे, लोक शोधचौकटीत जे शब्द टंकित करतात ते हेरून मजकुरात योजणे आणि अन्य संकेतस्थळांकडून दुवे मिळविणे, ही तिची प्रमुख अंगे आहेत. ही पद्धत किती फलदायी आहे, हे सांगणाऱ्या मार्गदर्शिका विपुल आहेत. तिच्यामुळे गद्याचे काय होते, विशेषतः मराठीसारख्या प्रत्ययप्रधान भाषेतील गद्याचे काय होते, याचा विचार मात्र क्वचितच झालेला आढळतो. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा केली आहे. त्यासाठी दोन संज्ञा योजल्या आहेत. जे सांगावयाचे आहे ते नीट सापडावे अशी व्यवस्था करणे म्हणजे शोधसुलभता. आणि काय सांगावयाचे हेच शोधयंत्राने ठरवावे, ही वृत्ती म्हणजे शोधशरणता. या दोहोंत बाह्यतः पुष्कळ साम्य असल्यामुळेच त्यांतील भेद स्पष्ट करणे अगत्याचे ठरते.

मानदंड आणि लक्ष्य

सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना गूगलची मूळ रचना विशद करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखाद्या पृष्ठाकडे कोणकोणती पृष्ठे निर्देश करतात आणि त्या निर्देश करणाऱ्यांचे स्वतःचे वजन किती, यावरून पृष्ठाचे महत्त्व ठरवावे, अशी ती कल्पना होती. अध्यापकवर्गाला ही कल्पना अपरिचित वाटू नये. युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानविषयक संदर्भनिर्देशांची सूची प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तिच्यामागील तत्त्व याच कुळातील आहे. दुवा हा संदर्भनिर्देशाचाच महाजालीय अवतार होय.

जालनिशीचा प्रकार या पद्धतीला विशेष अनुकूल ठरला. प्रत्येक नोंदीला स्वतंत्र व स्थिर पत्ता असे, मजकूर वारंवार नवा होत असे आणि जालनिशीकार परस्परांना उदारपणे दुवे देत. प्रारंभी हे सारे स्वाभाविकपणे घडत होते. म्हणूनच ते विश्वसनीय खूण मानले गेले. परंतु खुणेला किंमत आहे हे कळताच खूण निर्माण करण्याचे उद्योग सुरू झाले. जालनिश्यांच्या प्रतिक्रियांत निरर्थक दुवे पेरण्याचा उपद्रव इतका वाढला की, जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या प्रतिस्पर्ध्यांना एकत्र येऊन अशा दुव्यांना मान्यता न देण्याची खूण स्वीकारावी लागली. पृष्ठाच्या अंतर्भागात शोधशब्दांची यादी लपवून ठेवण्याची सोयही याच मार्गाने निरुपयोगी झाली. मानांकनासाठी ती यादी विचारात घेतली जात नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर केले.

अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात मांडलेला विचार येथे लागू पडतो. मानवशास्त्रज्ञ मेरिलिन स्ट्रॅथर्न यांनी १९९७ मध्ये विद्यापीठीय मूल्यमापनाची चर्चा करताना त्याला व्यापक रूप दिले. मोजमापाचे साधन स्वतःच साध्य बनले की ते मोजमापास अपात्र ठरते, हा त्याचा आशय. शोधयंत्राचा गेल्या पाव शतकाचा इतिहास म्हणजे या विचाराचा प्रदीर्घ पडताळाच होय.

दोन उदाहरणे, एक निकष

शोधशरण लेखनाचे ठळक उदाहरण म्हणून अमेरिकेतील डिमांड मीडिया या कंपनीचा उल्लेख करावा लागतो. २००६ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने ‘ईहाऊ’ हे संकेतस्थळ आपल्याकडे घेतले. लोक काय शोधतात आणि त्या शब्दांवर जाहिरातीचे किती उत्पन्न मिळेल, याचे गणित संगणक करी. त्यातून शीर्षके तयार होत. ती बाहेरील लेखकांकडे सोपविली जात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार एका लेखाचे मानधन सुमारे १५ डॉलर एवढेच असे. जानेवारी २०११ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले, तेव्हा तिचे मूल्य न्यूयॉर्क टाइम्स कंपनीहूनही अधिक ठरले. पुढच्याच महिन्यात गूगलने ‘पांडा’ या नावाने ओळखला जाणारा बदल केला. अमेरिकेतील सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. एप्रिलमधील त्याच्या पुढच्या टप्प्यात ईहाऊलाही मोठा फटका बसला. कंपनीने २०१६ मध्ये नाव बदलले आणि २०२१ मध्ये ती दुसऱ्या समूहात विलीन झाली.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवता येते. व्हर्जिनिया राज्यातील जलतरण तलाव बांधून देणारा एक लहान व्यवसाय २००८ च्या मंदीत बुडण्याच्या बेतात होता. त्याचे एक भागीदार मार्कस शेरिडन यांनी ग्राहक प्रत्यक्ष भेटीत जे प्रश्न विचारीत, त्यांची उत्तरे जालनिशीत लिहिण्यास आरंभ केला. तलावाला खर्च किती येतो, कोणत्या प्रकारात कोणते दोष उद्भवतात, अशा व्यावसायिक सहसा टाळतात त्या प्रश्नांनाही त्यांनी उत्तरे दिली. शोधनिकालांत हे लेख वर आले आणि व्यवसाय सावरला. पुढे शेरिडन यांनी या अनुभवावर २०१७ मध्ये ग्रंथही लिहिला.

दोन्ही उदाहरणांत लोकांच्या प्रश्नांपासून प्रारंभ झाला, दोन्हींत दृश्यता हा हेतू होता आणि दोन्हींत अर्थलाभही अपेक्षित होता. तेव्हा हेतूच्या शुद्धतेवरून किंवा नफ्यावरून त्यांत भेद करता येत नाही. भेद आहे तो वेगळ्याच ठिकाणी. तलाव बांधणाऱ्याजवळ प्रश्न येण्यापूर्वीच ज्ञान होते. प्रश्नाने त्याला केवळ वाट करून दिली. डिमांड मीडियाच्या लेखकाजवळ शीर्षक येण्यापूर्वी त्या विषयासंबंधी काही असण्याची अट नव्हती; शीर्षक आल्यावर त्याने ते जमविले. म्हणून शोधसुलभता आणि शोधशरणता यांतील निकष असा मांडता येतो : शोधशब्द हाती येण्यापूर्वी लेखकाजवळ सांगण्यासारखे काय होते? या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर लेखनाची तंत्रशुद्धता त्याला वाचवू शकत नाही.

शोधशब्द आणि मराठी वाक्य

वरील विवेचन कोणत्याही भाषेस लागू पडावे असे आहे. मराठीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उद्भवतो आणि तो व्याकरणाचा आहे. शोधचौकटीत मनुष्य वाक्य लिहीत नाही. तो नामे एकापुढे एक ठेवतो. ‘रायगड किल्ला माहिती मराठी’, ‘पावसाळा निबंध मराठी’ अशा स्वरूपाचे शब्दसमूह सर्वपरिचित आहेत. त्यांत विभक्ती नसते, क्रियापद नसते आणि शब्दक्रमही बहुधा इंग्रजी वळणाचा असतो. शोधासाठी ते पुरेसे आहे. दूरध्वनीच्या यादीला व्याकरण लागत नाही, तसेच हे.

अडचण पुढे येते. शोधशब्द जसाच्या तसा मजकुरात यावा, हा या तंत्राचा जुना उपदेश इंग्रजी भाषेच्या प्रकृतीवर बेतलेला आहे. इंग्रजीत नामाच्या आधी शब्दयोगी अव्यय ठेवले तरी नामाचे रूप बदलत नाही. त्यामुळे शोधशब्द वाक्यात बसविता येतो. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. ‘किल्ला’ हा ‘किल्ल्या’ होतो, ‘पावसाळा’ हा ‘पावसाळ्या’ होतो, ‘पुणे’ हे ‘पुण्या’ होते, ‘पाऊस’ हा ‘पावसा’ होतो. म्हणजेच शोधशब्द अबाधित ठेवावा तर व्याकरण मोडते आणि व्याकरण सांभाळावे तर शोधशब्द बदलतो. या पेचात पुष्कळ लेखक शोधशब्दाची बाजू घेतात. त्यातून पुढील धाटणीची वाक्ये जन्मतात (उदाहरणादाखल हे वाक्य रचले आहे) : ‘मित्रांनो, रायगड किल्ला माहिती मराठी या लेखात आपण रायगड किल्ला माहिती मराठी मध्ये जाणून घेणार आहोत.’

या वाक्यात एकच शब्दसमूह दोनदा आला आहे, ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय नामापासून तुटून उभे आहे, आणि वाक्य संपले तरी रायगडासंबंधी एकही गोष्ट कळलेली नाही. ‘मित्रांनो’ हे संबोधनही विचार करण्याजोगे आहे. जवळीक दाखविणारा हा शब्द ज्या वाक्यात येतो, ते वाक्य मुळात मित्रांसाठी लिहिलेलेच नसते. ते यंत्राने वाचावे म्हणून लिहिलेले असते. याउलट ‘रायगड हा किल्ला महाड तालुक्यात असून १६७४ मध्ये तेथे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला’ हे साधे वाक्य पाहावे. त्यातही रायगड आहे, किल्ला आहे; शिवाय स्थळ, काळ आणि घटना आहे. माहिती देणाऱ्या वाक्यात विषयाचे शब्द आपोआप येतात. ते पेरावे लागतात ते माहिती नसलेल्या वाक्यात.

विभक्तीच्या या हानीखेरीज अन्य काही लक्षणेही दिसून येतात. उत्तर लांबणीवर टाकण्यासाठी त्याच गोष्टीची व्याख्या निरनिराळ्या उपशीर्षकांखाली पुन्हा पुन्हा दिली जाते. लेख दीर्घ असला की वर येतो, या समजुतीने मजकूर फुगविला जातो. आधी वर असलेल्या लेखांवरून नवा लेख बेतला जात असल्याने एका लेखातील चूक दहा लेखांत जाते आणि दहा ठिकाणी आढळल्यामुळे ती खरी वाटू लागते. संदर्भ पडताळणाऱ्या विद्यार्थ्याला हे दहा साक्षीदार स्वतंत्र वाटतात; वस्तुतः तो एकाच साक्षीदाराचा प्रतिध्वनी असतो.

अदृश्यतेचा दोष

तथापि या लेखनाचा केवळ उपहास करणे न्याय्य ठरणार नाही. ज्या गावात ग्रंथालय नाही, तेथील विद्यार्थिनीला पावसाळ्यावरचा निबंध किंवा किल्ल्याची माहिती शोधताना हे लेखन हाती लागते, कारण दुसरे काही लागत नाही. उपशीर्षके, लहान परिच्छेद, सोपी भाषा हे त्याचे गुणही नाकारता येत नाहीत. खरा प्रश्न असा की, ज्यांच्याजवळ सांगण्यासारखे होते, त्यांचे लेखन तेथे का नव्हते?

याचे एक कारण तांत्रिक आहे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तरीही मराठी मुद्रणव्यवहार दीर्घकाळ जुन्या टंकांवर चालला. या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसविलेल्या असतात. डोळ्यांना मराठी दिसते. संगणकाला मात्र तो असंबद्ध रोमन अक्षरांचा समूह वाटतो. अशा धारिकांतून सिद्ध झालेले किंवा केवळ छायाप्रतीच्या रूपात ठेवलेले कितीतरी अंक महाजालावर असूनही शोधाच्या दृष्टीने नसल्यासारखेच आहेत.

युनिकोड स्वीकारल्यावरही प्रश्न संपत नाही. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ मधील ५.१ या आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वी ‘अ’ला चंद्राची खूण जोडून किंवा ‘ऍ’ हे अक्षर वापरून काम भागविले जाई. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ही दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिला जातो, डोळ्यांना त्यांत भेद दिसत नाही. मोठी शोधयंत्रे असे काही भेद सांभाळून घेतात. परंतु अक्षरशः जुळणी पाहणाऱ्या साध्या शोधाला हे निरनिराळे शब्द वाटतात. ऱ्हस्वदीर्घाचे पर्याय आणि सामान्यरूपे यांची भर पडली म्हणजे मराठी शब्द सापडणे इंग्रजी शब्दापेक्षा किती कठीण, हे ध्यानी येते. ज्या भाषेत शोधसुलभतेची गरज अधिक, त्याच भाषेत अभ्यासकांनी तिच्याकडे पाठ फिरवावी आणि ते क्षेत्र शोधशरण लेखनाला मोकळे मिळावे, ही या विषयातील खरी विसंगती होय.

विद्यापीठीय लेखन आणि दृश्यता

ही चिकित्सा केवळ व्यावसायिक जालनिश्यांपुरती ठेवणे सोयीचे असले, तरी अपुरे ठरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या प्रकाशनांना गुणांक दिले. लेखाची गणना हे मूल्यमापनाचे साधन होताच, मोजता यावेत म्हणून लिहिलेले लेख आणि ते छापण्यासाठीच निघालेली नियतकालिके यांना ऊत आला. त्यावर उपाय म्हणून मान्य नियतकालिकांची यादी करावी लागली आणि २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ ही यादीही बंद केली. शोधयंत्र आणि मजकूर पुरविणारे उद्योग यांच्यात जो लपंडाव चालला, त्याचीच ही आवृत्ती नव्हे काय?

विद्याक्षेत्रातील शोधयंत्रेही या दोषापासून मुक्त नाहीत. गूगल स्कॉलर २००४ मध्ये सुरू झाले. पुढे स्पेनमधील संशोधकांनी एका काल्पनिक लेखकाच्या नावे सहा बनावट निबंध महाजालावर ठेवून पाहिले. त्यामुळे १२९ निबंधांच्या खात्यात ७७४ संदर्भनिर्देश जमा झाले. २०१४ मध्ये त्यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. शोधशरणता ही बाजाराची विकृती असून विद्यापीठ तिच्यापासून दूर आहे, असे म्हणण्यास आधार उरत नाही. प्रस्तुत लेखाच्या आरंभी दिलेल्या बीजसंज्ञांनाही हाच निकष लावता येतो. लेखात जे आहे त्याचे त्या वर्णन करीत असतील तर त्या सूचीकाराच्या परंपरेतील आहेत. लेखात नसलेल्या वस्तूची जाहिरात करीत असतील तर त्या शोधशरण होत.

अलीकडच्या घडामोडींनी हा प्रश्न अधिक तीव्र केला आहे. २०२२ च्या अखेरीपासून मजकूर निर्माण करणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली आणि पंधरा डॉलरचा लेखकही महाग वाटावा अशी स्थिती झाली. मार्च २०२४ मध्ये गूगलने केवळ मानांकनासाठी घाऊक प्रमाणात निर्माण केलेल्या मजकुराविरुद्ध धोरण जाहीर केले. तो मजकूर मनुष्याने लिहिला की यंत्राने, हा भेद त्यात गौण मानला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शोधनिकालांच्या माथ्यावर यंत्ररचित उत्तर देण्याची सोय भारतातही आली. वाचकाला उत्तर तेथेच मिळाले, तर तो मूळ पृष्ठापर्यंत जाईलच असे नाही. दृश्यता आणि वाचन यांची फारकत होण्याची ही सुरुवात आहे.

या स्थितीत पृष्ठावर येणाऱ्यांची संख्या हे यशाचे माप दुबळे होत जाईल. मात्र त्यामुळे लेखनाचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. यंत्र मराठीत जे उत्तर देईल, त्यात महाजालावर मराठीत जे लिहिलेले आहे त्याचा वाटा असेल. तेथे फुगविलेली, विभक्ती गमावलेली आणि एकमेकांवरून उतरविलेली वाक्येच विपुल असतील, तर पुढील पिढीला मिळणारी मराठी आणि मराठीतील माहिती त्याच प्रतीची असण्याचा धोका आहे.

निष्कर्ष

शोधसुलभता आणि शोधशरणता यांत साधनांचा भेद नाही, क्रमाचा आहे. आधी आशय आणि मग त्याचा पत्ता, हा क्रम पाळला गेला तर जालनिशी, शोधशब्द आणि दुवे ही सारी ग्रंथपालाच्या सेवेसारखीच सेवा आहे. क्रम उलटला की तीच साधने भाषेची आणि ज्ञानाची हानी करतात. मराठीच्या संदर्भात ही हानी प्रथम विभक्तीत दिसते; म्हणून वाक्यातील सामान्यरूप शाबूत आहे की नाही, ही लेखनाच्या प्रामाणिकपणाची एक साधी कसोटीही ठरू शकते.

महाविद्यालयांना यातून करता येण्याजोगे काम मोठ्या खर्चाचे नाही. नियतकालिकाचा प्रत्येक लेख युनिकोडमध्ये, स्वतंत्र पत्त्यावर, विषय सांगणाऱ्या शीर्षकासह, लेखकाचे नाव, वर्ष व सारांश देऊन ठेवणे; जुने अंक शोधता येतील अशा मजकुरात आणणे; आणि परिसराचा इतिहास, शेती, बोली, वनस्पती यांविषयी विभागांजवळ जे ज्ञान साठलेले आहे ते सुबोध मराठीत लिहून प्रसिद्ध करणे, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. किल्ल्याची माहिती शोधणाऱ्या विद्यार्थिनीला त्या किल्ल्याच्या तालुक्यातील इतिहासाच्या अध्यापकाचा लेख मिळत नसेल, तर त्याचा दोष शोधयंत्राला देऊन चालणार नाही. तो लेख आधी लिहिला गेला पाहिजे.